आवडत्या कादंबरीवर सिरीज येतेय? वाट कशी पाहायची ते आधी ठरवा

बातमी बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. अमुक स्टुडिओने तमुक लेखकाच्या फँटसी कादंबऱ्यांचे हक्क घेतले, लेखक स्वतः निर्मात्यांमध्ये आहेत, सगळे भलतेच खूश आहेत. तासाभरात ग्रुपवर पोस्टर फिरायला लागतं, तेही कुणीतरी घरी बसून केलेलं. आणि ज्याने कालच पहिलं पुस्तक संपवलंय तो विचारतो, “मग कधी येणार? दिवाळीपर्यंत?”

दिवाळीपर्यंत नाही. पुढच्या दिवाळीपर्यंतही बहुधा नाही. एचबीओ ही अमेरिकन वाहिनी जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या कादंबऱ्यांवर सिरीज करणार ही बातमी जानेवारी २००७ मधली, आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा पहिला भाग दिसला १७ एप्रिल २०११ ला. म्हणजे सव्वाचार वर्षं. अ‍ॅमेझॉनने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्कीनच्या जगाचे हक्क नोव्हेंबर २०१७ मध्ये घेतले, सिरीज आली सप्टेंबर २०२२ मध्ये. तेव्हा हक्कांच्या बातमीपासून चार-पाच वर्षं धरून चाला. आणि हे झालं जे सुखरूप पडद्यावर पोचले त्यांचं. नवा चाहता नेमका इथेच फसतो: बातमी आली म्हणजे सिरीज आलीच, असं तो धरून बसतो.

पायरी १: बातमी नेमकी कशाची आहे ते बघा

हक्क घेणं म्हणजे सिरीज करणं नव्हे. बऱ्याचदा स्टुडिओ पुस्तकाचा नुसता ‘ऑप्शन’ घेतो. हा प्रकार फ्लॅटच्या इसारासारखा आहे. थोडे पैसे द्यायचे, ठरावीक मुदतीपर्यंत दुसऱ्या कुणाला विकू नका म्हणायचं, आणि तेवढ्यात बाकीची जुळवाजुळव होते का ते बघायचं. जुळलं नाही तर मुदत वाढवून घ्यायची, नाहीतर हक्क गेले परत मूळ मालकाकडे.

या मुदतीपायी काय काय होतं त्याचा एक मासला सांगतो. ‘द व्हील ऑफ टाइम’ हा रॉबर्ट जॉर्डनच्या १४ जाडजूड कादंबऱ्यांचा पसारा. २०१५ च्या फेब्रुवारीत, एका रविवारी मध्यरात्र उलटून दीड वाजता, अमेरिकेतल्या एफएक्सएक्स वाहिनीवर ‘विंटर ड्रॅगन’ नावाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागला. जाहिरात नाही, ट्रेलर नाही, आधी कुणाला पत्ताही नाही. बघतात तो काय, पहिल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेचं चित्रीकरण! बिली झेनसारखा ओळखीचा नट त्यात होता. चाहते चक्रावले. जॉर्डन २००७ मध्येच वारले होते. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडुगल यांनी जाहीर केलं की हे आपल्याला न कळवता केलेलं आहे, आणि टीव्हीचे हक्क त्याच आठवड्यात, ११ फेब्रुवारीला, आपल्याकडे परत यायचे होते. म्हणजे मुदत संपायला दोन-तीन दिवस असताना, कुणी बघणार नाही अशा वेळी, हक्क घेतलेले लोक ‘काहीतरी’ दाखवून मोकळे झाले. पुढे कज्जेदलाली झाली, ती मिटली, आणि खरी सिरीज अ‍ॅमेझॉनवर यायला नोव्हेंबर २०२१ उजाडला.

तेव्हा बातमी वाचताना शब्दाकडे लक्ष द्या. ‘हक्क घेतले’ आणि ‘डेव्हलपमेंटमध्ये आहे’ यांचा अर्थ एवढाच की कुणीतरी पटकथा लिहितंय, किंवा लिहिणारा शोधतंय. ‘पायलटची ऑर्डर’ म्हणजे एक भाग करून बघणार. ‘सिरीज ऑर्डर’ म्हणजे पैसे खरोखर सुटले, इतके-इतके भाग होणार. नाचायचं असेल तर या शेवटच्या बातमीवर नाचा. ‘व्हरायटी’, ‘हॉलिवूड रिपोर्टर’, ‘डेडलाइन’ ही धंद्यातली पत्रं हे फरक काटेकोरपणे पाळतात. त्यांच्यावरून उचललेल्या आपल्याकडच्या बातम्यांत बहुधा सगळ्याचं मिळून एकच होतं: ‘लवकरच तुमच्या भेटीला’. वाहिनीने स्वतःच्या नावाने काही म्हटलंय का, एवढं एक बघितलंत तरी निम्म्या अफवा गळतात.

पॅट्रिक रॉथफसच्या वाचकांना विचारा. त्याच्या किंगकिलर कादंबऱ्यांचे हक्क लायन्सगेटने २०१५ मध्ये घेतले, ‘हॅमिल्टन’ या गाजलेल्या संगीतनाटकाचा कर्ता लिन-मॅन्युएल मिरांडा सोबत आला, शोटाइम वाहिनी सिरीज करणार असं ठरलं. २०१९ मध्ये शोटाइमने अंग काढून घेतलं. तिकडे तिसरं पुस्तकही आलेलं नाही. बिचारे दोन्हीकडून उपाशी.

पायरी २: पायलट झाला म्हणून हुरळू नका

‘गेम ऑफ थ्रोन्स’चा पायलट २००९ च्या शेवटी उत्तर आयर्लंड, स्कॉटलंड आणि मोरोक्कोत चित्रित झाला. निर्माते बेनिऑफ आणि वाइस यांनी तो जवळच्या काही लेखकमित्रांना दाखवला, तर कथेतली दोन महत्त्वाची माणसं सख्खे बहीण-भाऊ आहेत हेच मित्रांना कळलं नव्हतं. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांना कळेल की हे न कळणं म्हणजे सगळंच मुसळ केरात. (हा स्पॉयलर नव्हे, पुस्तकात ते सुरुवातीलाच सांगितलंय.) जवळजवळ सगळा भाग नव्याने चित्रित करावा लागला. डॅनेरिसच्या भूमिकेत आधी टॅम्झिन मर्चंट होती, ती जाऊन एमिलिया क्लार्क आली. कॅटलिनच्या जागी जेनिफर इलीऐवजी मिशेल फेअरली आली. ज्या चाहत्यांनी पहिल्या यादीवरून महिनोन् महिने वाद घातले होते, त्यांचे ते वाद फुकट गेले.

हे निदान दुरुस्त तरी झालं. त्याच जगातल्या, हजारो वर्षं आधीच्या काळावर बेतलेल्या दुसऱ्या सिरीजचा पायलट २०१९ मध्ये नेओमी वॉट्सला घेऊन चित्रित झाला, पैसा पाण्यासारखा गेला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एचबीओने तो गुंडाळून ठेवला. ज्या दिवशी ही बातमी फुटली त्याच दिवशी ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या १० भागांची घोषणा झाली, तीसुद्धा पायलटशिवाय थेट. धंद्याचे निर्णय असेच होतात. त्यात मन गुंतवू नये.

पायरी ३: पुस्तकं वाचायला घ्या, पण क्रम विचारून

वाट पाहण्याच्या काळाचा खरा उपयोग हाच. सिरीज चार वर्षांनी येणार असेल तर १४ पुस्तकंसुद्धा होतात. फक्त सुरुवात चुकली की माणूस कंटाळून सोडून देतो.

‘द व्हील ऑफ टाइम’मध्ये ‘न्यू स्प्रिंग’ नावाचं एक पूर्वकथेचं पुस्तक आहे. कथाक्रमात ते सगळ्यांत आधी येतं म्हणून लोक तिथून सुरू करतात. करू नका. ते बऱ्याच नंतर लिहिलंय, आधीची ओळख गृहीत धरून. पहिलं पुस्तक १९९० चं, तेच पहिलं वाचा. शेवटची ३ पुस्तकं जॉर्डनच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने पुरी केली, त्यातलं अखेरचं २०१३ मध्ये आलं. ती वाचताना लेखणी बदलल्याचं जाणवतं, पण गोष्ट हातची सुटत नाही. ‘विचर’ या पोलिश पुस्तकमालिकेचं उलट आहे. तिथे कादंबऱ्यांच्या आधी कथासंग्रह वाचायचे असतात, ‘द लास्ट विश’पासून. थेट कादंबरीत शिरलात तर ही पोरगी कोण आणि हा पांढऱ्या केसांचा बाबा तिच्यासाठी एवढा जीव का टाकतोय, काही लागत नाही.

मार्टिनची ५ पुस्तकं आहेत: १९९६, १९९८, २०००, २००५ आणि २०११. सहाव्याची वाट बघणं हा वेगळा छंद आहे, त्यात नव्या माणसाने पडू नये. प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचं नाव आहे आणि ते प्रकरण त्या पात्राच्या डोळ्यांतून सांगितलंय. पहिली शंभर पानं नावांचा भडिमार होतो. त्यावर एक साधा उपाय: वहीचं एक पान घ्या, त्यावर घराण्यांची नावं लिहा, प्रत्येकाखाली माणसं आली की टिपत जा. स्टार्क, लॅनिस्टर, टार्गेरियन, बॅरथियन एवढ्या चार घराण्यांवर पहिलं पुस्तक निभावतं. चौथं आणि पाचवं पुस्तक बऱ्याच अंशी एकाच काळात घडतं, फक्त माणसं वाटून घेतलेली आहेत. त्यामुळे चौथ्यात तुमचं आवडतं पात्र सापडलं नाही तर पुस्तक फेकू नका, ते पाचव्यात आहे.

मराठीत या प्रकारची पुस्तकं थोडीच. हॅरी पॉटर ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून मराठीत आहे आणि घरातल्या मुलांना द्यायला ते उत्तम. बाकी बहुतेक वाचन इंग्रजीतच करावं लागतं. सावकाश झालं तर होऊ द्या. वाचण्याचा वेग कमी असेल तर ऑडिओबुक घ्या, लोकलमध्ये किंवा पुणे-मुंबई प्रवासात ऐकत जा. मार्टिनचं पहिलं पुस्तक रॉय डोट्रिसने वाचलंय. त्यात त्याने २२४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिले आणि गिनेस बुकात नाव मिळवलं. ‘द व्हील ऑफ टाइम’चं पहिलं पुस्तक सिरीजमधल्या रोझमंड पाइकनेच नव्याने वाचलंय, तेही सुरेख आहे.

छापील प्रत घेताना नकाशा बघा. फुटपाथवरच्या स्वस्त पायरेटेड प्रतीत मजकूर कसाबसा वाचता येतो, पण नकाशाचा काळा ढग झालेला असतो. आणि फँटसीत नकाशाशिवाय कोण कुठून कुठे निघालाय ते कळायची मारामार.

पायरी ४: फोनपासून जपा

पुस्तक अर्धं झालंय आणि एखाद्या पात्राचं नाव कसं लिहायचं ते बघायला तुम्ही गूगल उघडता. नाव टाकता. खाली सूचना येतात: नाव आणि ‘डेथ’, नाव आणि ‘किल्ड बाय’. झालं, सहाशे पानांची मजा गेली. म्हणून पुस्तक चालू असताना पात्राचं नाव शोधायचंच नाही. अगदीच अडलं तर लेखकाचं नाव आणि पुस्तकाचं नाव टाका.

चाहत्यांचे विकी तर आणखी धोक्याचे. पानाच्या कडेला एक चौकट असते, त्यात जन्म आणि त्याखाली मृत्यू, सालासकट. खाली स्क्रोल करायचीही गरज नाही. यूट्यूबवर एकदा एखाद्या सिरीजचा व्हिडिओ बघितला की पुढच्या आठवडाभर थंबनेलच्या रूपाने सगळं कथानक दारात येऊन उभं राहतं. त्यासाठी वेगळं अकाउंट ठेवा, किंवा ‘रस नाही’ दाबत राहा.

सिरीज आधीच चालू झाली असेल तर आयएमडीबी या सिनेमा-मालिकांची माहिती देणाऱ्या साइटवरही जाऊ नका. नटाच्या नावापुढे त्याने किती भागांत काम केलं तो आकडा असतो. पोस्टरवर ज्याचा सर्वांत मोठा चेहरा आहे त्याच्या नावापुढे तुटपुंजा आकडा दिसला, तर समजायचं ते समजतं.

उलट बाजूही आहे. तुम्ही पुस्तकं वाचली असतील तर तोंड मिटून ठेवणं ही तुमची जबाबदारी. यात जगभरच्या वाचकांनी एकदा कमाल केली होती. मार्टिनच्या २००० साली आलेल्या तिसऱ्या पुस्तकात एक प्रसंग आहे. तो पडद्यावर आला २ जून २०१३ ला, तिसऱ्या सीझनच्या नवव्या भागात. मधली १३ वर्षं कोट्यवधी नसले तरी लाखो लोकांना तो ठाऊक होता, आणि तरीही त्या रात्री असंख्य प्रेक्षक सोफ्यावर निश्चिंत बसले होते. वाचलेल्यांनी काय केलं? शेजारी फोन लपवून न वाचलेल्या मित्रांचे चेहरे चित्रित केले. तो प्रसंग कोणता, ते मी इथे सांगणार नाही.

पायरी ५: कास्टिंगच्या दिवशी जरा थांबा

नट जाहीर झाले की पहिल्या दिवशी जे मत बनतं ते सहसा टिकत नाही. “हा? हा कसला तो!” हे वाक्य प्रत्येक सिरीजच्या वाट्याला आलंय. पुस्तकात टार्गेरियन लोकांचे डोळे जांभळे. त्यासाठी लेन्सा लावून बघितल्या, पण डोळ्यांतला भाव झाकला जातो म्हणून काढून टाकल्या. हॅरी पॉटरच्या चित्रपटांत हिरव्या डोळ्यांचंही तेच झालं, डॅनियल रॅडक्लिफला लेन्सा सोसल्याच नाहीत. आज कुणाला डोळ्यांचा रंग आठवतो? दिसणं दुय्यम आहे. माणूस पात्राच्या स्वभावात बसतो का ते पाहावं, आणि ते फोटोवरून कळत नाही.

एचबीओच्या नव्या हॅरी पॉटर सिरीजवरून हा धुरळा नव्याने उडाला. एप्रिल २०२३ मध्ये घोषणा झाली, मग ब्रिटन-आयर्लंडमधल्या मुलांसाठी खुली ऑडिशन निघाली, ३२ हजारांहून जास्त मुलांनी ती दिली आणि मे २०२५ मध्ये डॉमिनिक मॅकलॉफलिन, अरॅबेला स्टँटन आणि अ‍ॅलेस्टर स्टाउट ही तीन नावं आली. त्याआधी महिनाभर डंबलडोअरसाठी जॉन लिथगो आणि स्नेपसाठी पापा एसिडू जाहीर झाले होते. एसिडूच्या वर्णावरून जे काही बोललं गेलं ते टीकेच्या पलीकडचं होतं. शिवाय लेखिका जे. के. रोलिंग यांच्या ट्रान्स व्यक्तींबद्दलच्या भूमिकेमुळे पाश्चात्त्य देशांतल्या बऱ्याच जुन्या चाहत्यांनी ही सिरीज बघायची नाही असं ठरवलंय, तर बऱ्याचजणांना कलाकृती वेगळी ठेवावीशी वाटते. नव्या माणसाने या चर्चेत पडण्याआधी एवढं माहीत करून घ्यावं, म्हणजे साध्या प्रश्नावर लोक एवढे का तापतात त्याचं कोडं पडणार नाही. मुलांच्या बाबतीत तर माझं स्पष्ट मत आहे: दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या दिसण्यावर प्रौढ माणसाने जाहीर शेरे मारू नयेत.

पायरी ६: शूटिंग सुरू झालं की निम्मा जीव भांड्यात

शूटिंगचा पहिला दिवस ही तारीख टिपून ठेवण्यासारखी. हॅरी पॉटरची होती १४ जुलै २०२५, लंडनजवळच्या लीव्हस्डन स्टुडिओत, घोषणेनंतर सव्वादोन वर्षांनी. फँटसीत शूटिंगनंतर व्हीएफएक्सचं काम महिनोन् महिने चालतं, तेव्हा शूटिंग संपल्याचा फोटो आला म्हणून लगेच सुट्टी टाकू नका. सेटवरचे चोरून काढलेले फोटो बघायचे की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. मी बघत नाही. हिरव्या पडद्यासमोर प्लास्टिकचं खुर्चीवजा काहीतरी घेऊन बसलेला राजा बघून उत्साह वाढत नाही, उलट कमीच होतो.

पायरी ७: कुठे आणि किती वाजता

ही गोष्ट भारतात बघणाऱ्याने आधीच तपासावी. एचबीओच्या मालिका आपल्याकडे वर्षानुवर्षं हॉटस्टारवर होत्या. ३१ मार्च २०२३ ला त्या तिथून गेल्या, मग जिओसिनेमावर आल्या, आणि दोन्ही कंपन्या एकत्र आल्यावर फेब्रुवारी २०२५ पासून जिओहॉटस्टारवर. चार वर्षांनी येणाऱ्या सिरीजसाठी आज वर्षाचं सब्स्क्रिप्शन भरण्यात अर्थ नाही, हे यावरून कळावं.

वेळेचं गणित असं. एचबीओचा रविवारी रात्री ९ चा अमेरिकन भाग आपल्याकडे सोमवारी सकाळी ६:३० ला येतो, आणि त्यांची घड्याळं हिवाळ्यात मागे गेली की ७:३० ला. नेटफ्लिक्स सहसा आपल्या दुपारी, १२:३० किंवा १:३० ला. सोमवार सकाळ म्हणजे ऑफिसची घाई. एक तर पहाटे गजर लावा आणि चहासोबत बघून घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत ग्रुप म्यूट करा. “ट्रेनमध्ये अर्धा बघतो, उरलेला लंचमध्ये” या बेताचा शेवट शेजारच्या टेबलावरच्या माणसाने स्पॉयलर देण्यात होतो.

पायरी ८: आली एकदाची

पहिला भाग पुस्तक मांडीवर घेऊन बघू नका. काय गाळलं त्याची यादी दुसऱ्यांदा बघताना करा. सिरीजला भागांची मर्यादा असते, पात्रं एकत्र केली जातात, प्रसंग पुढेमागे होतात. मार्टिन स्वतः १९८० च्या दशकात टीव्हीसाठी लिहीत होते. बजेटपायी कात्री लागण्याला कंटाळूनच, पडद्यावर मावणार नाही एवढं मोठं काहीतरी लिहायचं म्हणून त्यांनी ही पुस्तकं लिहायला घेतली. त्यांच्याच पुस्तकाची सिरीज झाल्यावर कात्री चालणारच.

आणि पहिला सीझन आला म्हणजे शेवट बघायला मिळणारच, हेही धरू नका. नेटफ्लिक्सची ‘शॅडो अँड बोन’ २ सीझननंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. ‘द व्हील ऑफ टाइम’ ३ सीझननंतर मे २०२५ मध्ये, तेही तिसऱ्या सीझनचं भरपूर कौतुक झाल्यावर. सुरुवातीच्या आठवड्यांत किती लोकांनी सीझन शेवटपर्यंत बघितला, याकडे स्ट्रीमिंगवाले फार बघतात. म्हणून एखादी सिरीज खरंच टिकावी असं वाटत असेल तर ‘सगळे भाग आले की एकदम बघू’ असं म्हणून ठेवून देऊ नका, येईल तशी बघा.

मधेच बंद झालीच, तर पुढची गोष्ट पुस्तकात आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा पहिला सीझन म्हणजे साधारण पहिलं पुस्तक, दुसरा म्हणजे दुसरं, तिसरं पुस्तक तिसऱ्या-चौथ्या सीझनमध्ये विभागलंय. ‘द व्हील ऑफ टाइम’चा तिसरा सीझन मुख्यतः चौथ्या पुस्तकावर, ‘द शॅडो रायझिंग’वर आहे. लोक विचारतात, मग पाचव्यापासून सुरू करू का? नको. सिरीजमध्ये इतकं बदललंय की पाचव्यात तुम्हाला निम्मी माणसं अनोळखी वाटतील आणि काही मेलेली जिवंत भेटतील. पहिल्यापासून घ्या.